थ्रेड-सेफ म्हणजे सेफ नव्हे! कूपन कोड, ओटीपी आणि लकी ड्रॉसाठी रँडम आकडे कसे काढायचे?



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय बघून बऱ्याच जणांना वाटलं असेल, "रँडम नंबर? हा तर प्रोग्रामर लोकांचा विषय. आपला काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो थेट गल्ल्याशी आहे. दिवाळीला तुम्ही जुन्या ग्राहकांना १०० रुपयांचं कूपन पाठवता. त्यावरचा कोड म्हणजे रँडम आकडा. ग्राहक लॉगिन करतो, त्याला ओटीपी जातो. तोही रँडम. कुणी पासवर्ड विसरला, त्याला लिंक जाते. गिफ्ट व्हाउचर, रेफरल कोड, लकी ड्रॉचा विजेता, सगळीकडे तेच. म्हणजे तुमच्या छोट्याशा ॲपमध्ये जिथे जिथे कोड म्हणजेच पैसा आहे, तिथे तिथे मागे एक रँडम आकडा बसलेला आहे. तो नीट निघाला नाही, तर कूपन न मिळालेला माणूसही सवलत घेऊन जातो आणि हिशेब लागत नाही तो तुमचा.

गंमत अशी की ही चूक चाचणीत दिसतच नाही. ॲप तयार झाल्यावर तुम्ही आणि तुमचा डेव्हलपर, दोघंच ते वापरून बघता. सगळं मस्त चालतं. मग ऑफर सुरू होते, संध्याकाळी सात वाजता मेसेज जातो आणि दोनशे ग्राहक एकाच मिनिटात येतात. गोची होते ती तेव्हा.

म्हणून आज तीन प्रश्न शिकू. तुम्हाला कोड लिहिता येत नसेल तरी चालेल, पण हे तीन प्रश्न डेव्हलपरला विचारता आलेच पाहिजेत.

१. गर्दी झाली तर आकड्यांचा गोंधळ होतो का?
२. पुढचा आकडा कुणाला ओळखता येतो का?
३. एकच आकडा दोघांना जाऊ शकतो का?

तिन्ही प्रश्न वेगळे आहेत. एकाचं उत्तर बरोबर आलं म्हणजे बाकीचे दोन सुटले, असं होत नाही. बहुतेक गल्लत इथेच होते. आधी थोडं मूळ समजून घेऊ.

कॉम्प्युटर आकडा "काढतो" कसा?

आपण चिठ्ठ्या टाकून चिठ्ठी उचलतो तसं कॉम्प्युटर करत नाही. तो गणित करतो. मागचा आकडा घ्यायचा, त्यावर ठरलेलं गणित करायचं आणि नवा आकडा द्यायचा. व्हिडिओत फळ्यावर जे उदाहरण घेतलं ते इथे लिहून देतो. वहीत स्वतः करून बघा.

नियम असा: मागच्या आकड्याला ५ ने गुणा, त्यात ३ मिळवा, १६ ने भागा आणि जी बाकी उरेल तो नवा आकडा.

सुरुवात ७ पासून करू. ७ × ५ + ३ = ३८. त्याला १६ ने भागलं की बाकी ६. मग ६ × ५ + ३ = ३३, बाकी १. पुढे ८, मग ११, मग १०, मग ५. अशी ओळ तयार झाली: ७, ६, १, ८, ११, १०, ५...

बघणाऱ्याला वाटतं, काही क्रम नाही. पण तुम्हाला नियम माहीत आहे, त्यामुळे तुमच्या दृष्टीने हा पाढा आहे. ज्या आकड्यापासून सुरुवात केली त्याला सीड म्हणतात, म्हणजे बियाणं. बियाणं तेच असेल तर पीकही तेच येणार. तुम्ही ७ पासून सुरू करा, मी ७ पासून सुरू करतो, दोघांची ओळ शेवटपर्यंत सारखीच राहील.

हा खेळातला नियम नाही बरं का. जावा भाषेतला साधा रँडम अगदी याच पद्धतीने चालतो. फक्त तिथे ५ च्या जागी २५२१४९०३९१७ आहे, ३ च्या जागी ११ आहे आणि १६ च्या जागी २ चा ४८ वा घात आहे. आकडे मोठे, पद्धत तीच.

थ्रेड म्हणजे काय? दुकानातले काउंटर समजा

दुकानात एकच काउंटर असेल तर ग्राहक एकामागे एक येतात. गर्दी वाढली की तुम्ही चार काउंटर लावता. प्रोग्रामही तेच करतो. एकाच वेळी अनेकांचं काम व्हावं म्हणून तो आतमध्ये अनेक "काउंटर" उघडतो. या प्रत्येक काउंटरला थ्रेड म्हणतात. तुमच्या वेबसाइटवर एकाच वेळी दहा जण आले, तर त्यांची कामं सहसा वेगवेगळ्या थ्रेडवर किंवा वेगवेगळ्या प्रोसेसवर चालतात.

आता प्रश्न असा की चार काउंटर आहेत, पण पावतीपुस्तक एकच आहे. मग काय होतं?

पहिला प्रश्न: गर्दीत गोंधळ होतो का?

आपला १६ चा नियम परत घ्या. पुस्तकात शेवटचा आकडा ७ लिहिलेला आहे. पहिल्या काउंटरवरच्या मुलाने ७ वाचला आणि गणित करायला घेतलं. त्याने नवा आकडा लिहायच्या आत दुसऱ्या काउंटरवरच्या मुलानेही पुस्तक बघितलं. त्यालाही ७ च दिसला. दोघांचं उत्तर ६ आलं, दोघांनी ६ नंबरचं कूपन फाडून दिलं. दोन ग्राहक, एकच कोड. प्रोग्रामर लोक याला रेस कंडिशन म्हणतात, म्हणजे एकाच गोष्टीसाठी दोघांची शर्यत लागली.

कधी कधी प्रकरण याहून वाईट असतं. सी-शार्प भाषेतला रँडम घ्या. त्याची एकच वस्तू अनेक थ्रेडनी एकदम वापरली तर ती बिघडू शकते आणि पुढे फक्त शून्यच देत राहते. हे मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या माहितीपत्रात लिहिलेलं आहे. कारण साधं आहे. त्या जुन्या पद्धतीत आत आकड्यांची एक यादी असते आणि यादीवर दोन बोटं ठेवलेली असतात. दोन बोटांखालच्या आकड्यांची वजाबाकी करून नवा आकडा निघतो. गर्दीत ढकलाढकली होऊन दोन्ही बोटं एकाच आकड्यावर आली, की वजाबाकी शून्य. मग पुढची प्रत्येक वजाबाकी शून्य. विचार करा, ऑफरच्या दिवशी प्रत्येक ग्राहकाला ००००००० असा कोड जातोय!

यावर उपाय दोन आहेत.

पहिला उपाय कुलूप. एक जण पुस्तक वापरत असेल तोवर दुसऱ्याने थांबायचं. गोंधळ थांबतो, पण रांग लागते. जावाचा साधा रँडम साधारण असाच सांभाळून चालतो. त्यात गोंधळ होत नाही, पण थ्रेड खूप झाले की वेग पडतो.

दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक काउंटरला वेगळं पावतीपुस्तक. जावाने २०११ मध्ये, आवृत्ती ७ सोबत, थ्रेडलोकल-रँडम नावाची सोय याच कारणासाठी आणली. प्रत्येक थ्रेडचा आपला आपला जनरेटर. थांबणं नाही, भांडण नाही.

पण इथे एक खड्डा आहे. वेगळी पुस्तकं दिली, पण सगळी एकाच आकड्यापासून सुरू झाली तर? मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये नवीन रँडम तयार केला की तो घड्याळाकडे बघून सीड घ्यायचा. ते घड्याळ फार बारीक नव्हतं. साधारण १५ मिलिसेकंदांच्या आत दोन जनरेटर तयार झाले तर दोघांना तोच सीड मिळण्याची दाट शक्यता. म्हणजे पुस्तकं दोन, पण आतले आकडे झेरॉक्स!

तोच प्रकार प्रोसेसच्या बाबतीत. काही सर्व्हर एक मूळ प्रोसेस तयार करतात आणि तिच्या प्रती काढून कामगार उभे करतात. मूळ प्रोसेसमध्ये जनरेटर आधीच सुरू झाला असेल तर प्रत्येक प्रतीत तोच जनरेटर, त्याच जागेवर उभा. मग प्रत्येक कामगार तीच ओळ म्हणत बसतो. पायथनने आवृत्ती ३.७ पासून आपल्या रँडममध्ये प्रत झाल्यावर नवा सीड घेण्याची सोय केली, ती यासाठीच. सगळ्या भाषा आणि सगळी पॅकेजेस ही काळजी घेतीलच असं धरून चालू नका.

दुसरा प्रश्न: पुढचा आकडा ओळखता येतो का?

आता आजच्या विषयाचा गाभा. समजा तुमचा डेव्हलपर म्हणाला, "दादा, टेन्शन नको. मी थ्रेड-सेफ रँडम वापरलाय." ऐकायला छान वाटतं, सेफ शब्द आला ना! पण थ्रेड-सेफ याचा अर्थ एवढाच की गर्दीत गोंधळ होणार नाही. चोराला पुढचा आकडा ओळखता येणार नाही, असा त्याचा अर्थ अजिबात नाही.

जावाचंच उदाहरण बघा. त्याचा साधा रँडम थ्रेड-सेफ आहे. पण त्याच्या पोटात फक्त ४८ बिटांचा आकडा असतो आणि तो बाहेर एका वेळी ३२ बिट दाखवतो. म्हणजे लपून राहिले फक्त १६ बिट, शक्यता ६५,५३६. असे दोन सलग पूर्ण आकडे कुणाच्या हाती लागले तर साधा लॅपटॉप क्षणात उरलेलं ओळखतो आणि पुढचे सगळे आकडे सांगतो. मर्सेन ट्विस्टर नावाची पद्धत पायथन आणि पीएचपीच्या साध्या रँडममध्ये आहे. आकड्यांच्या प्रयोगांसाठी ती उत्तम. पण तिचे सलग ६२४ पूर्ण आकडे मिळाले की पुढचे सगळे काढता येतात.

"एवढं कोण करत बसणार?" असं म्हणू नका. पैसा दिसला की माणूस करतो. एक प्रसिद्ध घटना सांगतो.

१९९९ साली प्लॅनेटपोकर नावाची पत्त्यांची वेबसाइट होती. तिचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एएसएफ सॉफ्टवेअर कंपनीने आपण पत्ते किती प्रामाणिकपणे पिसतो हे दाखवायला पिसण्याची पद्धत जाहीर केली. रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या कंपनीतल्या तज्ज्ञांनी ती वाचली. ५२ पत्ते पिसण्याचे प्रकार इतके आहेत की तो आकडा ६८ अंकी होतो. पण या प्रोग्रामचा सीड कुठून येत होता? मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले त्यावरून. एका दिवसात मिलिसेकंद असतात ८ कोटी ६४ लाख. म्हणजे ६८ अंकी शक्यता उतरून ८ कोटी ६४ लाखांवर आल्या. त्या तज्ज्ञांनी आपलं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवलं, तेव्हा त्या सुमारे २ लाखांवर आल्या. मग हातातले दोन पत्ते आणि टेबलावरचे तीन पत्ते बघितले की बाकी सगळ्यांचे पत्ते कळायचे. डाव चालू असतानाच!

यातून धडा काय? घड्याळ हे बियाणं नाही. घड्याळ सगळ्यांकडे असतं. तुमच्या कूपनचा कोड "वेळेवरून" तयार होत असेल, तर तो रँडम दिसतो, असतो असं नाही. पीएचपीमधलं युनिक-आयडी हे फंक्शन नावाने फसवतं. ते मुळात वेळेवरून ओळख तयार करतं. कूपनसाठी ते वापरू नका.

मग खरं बियाणं मिळतं कुठे? ऑपरेटिंग सिस्टिमकडे. लिनक्स असो की विंडोज, सिस्टिम आतल्या हार्डवेअरच्या बारीकसारीक, आधी सांगता न येणाऱ्या हालचाली गोळा करत असते. डिस्क, नेटवर्क यांचे संकेत नेमके कुठल्या क्षणी आले, प्रोसेसरमधली खास सोय काय देते, अशा गोष्टी. त्यातून ती असे आकडे देते की मागचे लाख आकडे बघूनही पुढचा सांगता येत नाही. आणि दुसरा फायदा म्हणजे सिस्टिमला एकाच वेळी कितीही थ्रेडनी विचारलं तरी गोंधळ होत नाही. गर्दीची काळजी ती स्वतः घेते.

म्हणजे एकाच दगडात पहिले दोन प्रश्न सुटले. वेग थोडा कमी असतो, हे खरं. पण तुम्ही दिवसाला दोनशे, दोन हजार कूपन काढणार. तेवढ्यासाठी हा फरक जाणवणारही नाही. वेगवान पण ओळखता येणारे जनरेटर खेळातल्या रंगीत फटाक्यांसाठी ठेवा. पैशाच्या कामाला सिस्टिमचाच आकडा घ्यायचा.

कोणत्या भाषेत काय मागायचं?

डेव्हलपरशी बोलताना ही नावं जवळ ठेवा.

• पीएचपी: रँडम-इंट हे फंक्शन, २०१५ च्या आवृत्ती ७ पासून आहे. रँड आणि एमटी-रँड नको.
• पायथन: सिक्रेट्स हे मॉड्यूल, २०१६ च्या आवृत्ती ३.६ पासून. साधं रँडम मॉड्यूल सुरक्षेच्या कामाला वापरू नका, असं पायथनची अधिकृत माहितीच सांगते.
• जावा: सिक्युअर-रँडम. थ्रेडलोकल-रँडम गर्दीसाठी छान, पण कूपनसाठी नाही.
• सी-शार्प: रँडम-नंबर-जनरेटर. डॉटनेट ६ पासून रँडम-शेअर्ड आलं, ते थ्रेड-सेफ आहे, पण पुन्हा तेच, कूपनसाठी नाही.
• नोड-जेएस: क्रिप्टोमधलं रँडम-इंट. मॅथ-रँडम नको.

आणि हो, डेव्हलपरला यातलं तयार फंक्शनच वापरायला सांगा. "मी बाइट घेऊन १० ने भागून बाकी घेतो" असली घरगुती पाककृती नको. एका बाइटच्या किमती असतात २५६. त्यांना १० ने भागून बाकी घेतली, तर ० ते ५ हे अंक प्रत्येकी २६ वेळा येतात आणि ६ ते ९ हे २५ वेळा. पारडं एका बाजूला झुकलं. तयार फंक्शन हे झुकणं आधीच काढून टाकतात.

तिसरा प्रश्न: एकच कोड दोघांना जाऊ शकतो का?

समजा आकडा उत्तम रँडम आहे, ओळखता येत नाही, गोंधळही नाही. तरी डुप्लिकेट येऊ शकतो? हो, येऊ शकतो! चिठ्ठी उचलून परत डब्यात टाकली तर तीच चिठ्ठी पुन्हा हाती येऊ शकते ना, तसंच.

आणि वाटतं त्यापेक्षा फार लवकर येतो. वर्गात २३ मुलं असली तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. हेच गणित कूपनला लावा. चार अंकी कोड, म्हणजे १०,००० शक्यता. तुम्हाला वाटेल, पाचशे कूपनला भरपूर झाले. पण १२० कूपन काढलेत की निदान एक जोडी सारखी निघण्याची शक्यता पन्नास टक्क्यांवर जाते. पाचशे काढलेत तर डुप्लिकेट जवळजवळ नक्कीच.

उपाय डेटाबेसमध्ये आहे. कोडच्या रकान्यावर "युनिक" ही अट टाकायची. तोच कोड दुसऱ्यांदा आला तर डेटाबेस तो घेतच नाही आणि प्रोग्राम नवा काढतो. इथे काही डेव्हलपर शॉर्टकट मारतात. आधी यादीत बघायचं, कोड नसेल तर लिहायचा. एकटा माणूस असेल तर ठीक. पण दोन थ्रेडनी एकाच क्षणी बघितलं, दोघांना "नाही" दिसलं, दोघांनी लिहिलं. पावतीपुस्तकाची गोष्ट परत सुरू. म्हणून बघणं आणि लिहिणं एकाच झटक्यात व्हायला हवं, आणि ते डेटाबेसची अटच करू शकते.

कूपन वापरतानाही हेच लागू आहे. एकच कूपन दोन मोबाइलवर उघडून एकदम "ॲप्लाय" दाबलं तर? प्रोग्रामने आधी "वापरलंय का" बघून मग "वापरलं" असं लिहिलं, तर दोघांनाही सवलत जाते. "वापरलेलं नसेल तरच वापरलं असं लिही" ही एकच आज्ञा डेटाबेसला द्यायची. दोघांपैकी एकालाच होकार मिळतो.

कोड किती लांब ठेवायचा?

चार अंकी कोड आणि बाजारात ५०० चालू कूपन. १०,००० भागिले ५००, म्हणजे कुणीही डोळे मिटून आकडा टाकला तरी दर वीस प्रयत्नांत एक लागणार. वीस प्रयत्न म्हणजे दोन मिनिटांचं काम.

त्याऐवजी असं करा. इंग्रजी २६ अक्षरं आणि १० अंक, एकूण ३६. त्यातून वाचताना गोंधळ करणारे चार काढा: ओ हे अक्षर आणि शून्य, आय हे अक्षर आणि एक. उरले ३२. या ३२ मधून ८ चा कोड. शक्यता होतात सुमारे १ लाख १० हजार कोटी. १०,००० कूपन वाटलीत तरी डोळे मिटून लागण्याची शक्यता ११ कोटींत एक. डुप्लिकेटची जोडी निघण्याची शक्यताही सुमारे २२ हजारांत एक, आणि ती अडवायला डेटाबेसची अट आहेच. ग्राहकाला फोनवर सांगायलाही आठ अक्षरं जड नाहीत.

ओटीपीचं वेगळं आहे. सहा अंक म्हणजे १० लाख शक्यता. इथे ताकद लांबीत नाही, मर्यादेत आहे. पाच प्रयत्नांनंतर ओटीपी रद्द केलात तर चोराची संधी १० लाखांत ५. मर्यादाच ठेवली नाही तर त्याचा प्रोग्राम एकेक आकडा टाकत जाईल आणि कधी ना कधी लागेलच. तेव्हा तुमचा रँडम कितीही उत्तम असला तरी उपयोग शून्य. काही मिनिटांनी ओटीपी बाद होणंही तितकंच गरजेचं.

लकी ड्रॉ: इथे प्रश्न विश्वासाचा

लकी ड्रॉमध्ये आकडा रँडम असणं पुरत नाही, तो रँडम आहे हे लोकांना दिसलं पाहिजे. अमेरिकेत हॉट लोट्टो नावाच्या लॉटरीत २०१० च्या डिसेंबरमध्ये १ कोटी ६५ लाख डॉलरचं बक्षीस लागलं. पुढे तपासात निघालं की लॉटरी चालवणाऱ्या संघटनेचाच माहिती-सुरक्षा प्रमुख आकडे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून बसला होता. वर्षातल्या ठरावीक दिवशी विजेता आकडा मोजक्याच शक्यतांमधून निघेल अशी सोय त्याने केली होती. त्याला शिक्षा झाली. कुलूप उत्तम होतं, पण किल्ली आतल्या माणसाकडे होती.

काही जण एक्सेलमध्ये रँडबिटवीन टाकून विजेता काढतात. त्यात शीटमध्ये काहीही बदल केला की आकडा पुन्हा बदलतो. म्हणजे मनासारखं नाव येईपर्यंत एंटर दाबत बसता येतं, आणि तुम्ही तसं केलं नाही हे सिद्ध करता येत नाही. शे-दोनशे ग्राहकांचा ड्रॉ असेल तर माझा सल्ला साधा आहे. यादी आधी जाहीर करा, चिठ्ठ्या बरणीत टाका, ग्राहकांसमोर एखाद्या लहान मुलाकडून चिठ्ठी काढून घ्या आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. याला सॉफ्टवेअर लागत नाही.

आणि एक कायद्याची गोष्ट. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये विक्री वाढवण्यासाठी घेतलेल्या लॉटरी आणि नशिबाच्या खेळांचा उल्लेख अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येत आहे. बक्षीस योजना संपल्यावर निकाल दडवणं हेही त्याच व्याख्येत येतं. तेव्हा "खरेदी करा, लकी ड्रॉ जिंका" असा बोर्ड छापण्याआधी वकिलाला एकदा विचारा. सगळ्यांना ठरलेली सवलत देणारं कूपन या भानगडीत पडत नाही. छोट्या व्यवसायाला तेच जास्त सोयीचं.

डेव्हलपरला पाठवायचा मेसेज

हे खालचे प्रश्न कॉपी करा आणि आजच पाठवा.

१. कूपन, ओटीपी आणि पासवर्ड रीसेटचा कोड कोणत्या फंक्शनने काढता? त्याचं नाव सांगा.
२. त्याचा सीड वेळेवरून येतो की ऑपरेटिंग सिस्टिमकडून?
३. दोन सर्व्हर किंवा दोन प्रोसेस असतील तर दोन्हीकडे सारखे कोड येणार नाहीत ना?
४. कोडच्या रकान्यावर डेटाबेसमध्ये युनिक अट आहे का?
५. एकच कूपन दोघांनी एकाच क्षणी वापरलं तर काय होतं?
६. ओटीपी चुकीचा टाकायची मर्यादा किती?

चांगला डेव्हलपर हे वाचून चिडणार नाही, उलट खूश होईल. "एवढ्या छोट्या ॲपला हे कशाला?" असं उत्तर आलं तर सावध व्हा. यातला बहुतेक बदल मोजक्या ओळींचा असतो. नवीन सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.

सोबत एक चाचणी करून घ्या. एकाच वेळी ५० थ्रेड लावून १ लाख कोड काढायला सांगा आणि यादी एक्सेलमध्ये मागवा. "रिमूव्ह डुप्लिकेट्स" दाबा, किती गळाले बघा. सगळे शून्य असलेले कोड शोधा. सात-आठ अक्षरांच्या कोडमध्ये ढिगाने डुप्लिकेट निघाले तर पहिल्या प्रश्नात घोळ आहे हे नक्की. पण लक्षात ठेवा, ही चाचणी पास झाली म्हणजे दुसरा प्रश्न सुटला असं नाही. ओळखता येणारे आकडेही यादीत सुंदरच दिसतात. पोकरवाल्यांचे पत्तेही छान पिसलेले दिसायचे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फक्त फंक्शनच्या नावावरूनच मिळतं. म्हणून मेसेजमधला पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

तर मित्रांनो, गोंधळ, अंदाज आणि डुप्लिकेट हे तीन शब्द पाठ करा. गोंधळ आणि अंदाज टाळायला सिस्टिमचा आकडा, डुप्लिकेट टाळायला डेटाबेसची अट. दुकानाला कुलूप लावताना आपण कडी ओढून बघतो ना, तशी आपल्या ॲपची कडीही पुढची ऑफर काढण्याआधी एकदा ओढून बघा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.